न पाळलेली घोरपड

चिपळूण सोडून संगमेश्वराकडे निघाले की महामार्गावर आणि कोकण रेल्वेवरही वाटेत सावर्डे लागते. गावाच्या अवतीभवती जांभ्याचे सडे, काजूच्या बागा, उतारावरची भातखाचरे, चिऱ्यांचे गडगे आणि वारुळे. म्हणजे घोरपडीला जगायला जे जे लागते ते सगळे. घोरपडीची गोष्टही याच टापूत मुरलेली आहे. दक्षिणेला कसबा संगमेश्वर, जिथे फेब्रुवारी १६८९च्या सुरुवातीला संभाजी महाराज पकडले गेले आणि त्यांच्या बचावात संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे पडले. त्याहून पलीकडे, सह्याद्रीच्या धारेला चिकटून विशाळगड, म्हणजे जुना खेळणा. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कुणी भोसला तिथे चढला आणि पुढे घोरपडे म्हणवू लागला, असे त्या घराण्याची आख्यायिका सांगते. सावर्ड्याच्या अगदी शेजारी डेरवणची शिवसृष्टी आहे, त्यामुळे शिवकाळ इथल्या मुलांना पुस्तकाआधी भेटतो. अशा मुलाला घोरपड दोन ठिकाणी ठाऊक असते. गडग्यात दिसते ती माणसाची चाहूल लागताच भोकात शिरते. पोवाड्यात असते ती पेटीतून बाहेर येते, कपाळी शेंदूर लावून घेते आणि धन्यासाठी कडा चढते. ही दुसरी घोरपड इतकी लोकप्रिय आहे की मराठी माणसाने एके काळी घोरपड पाळली होती हे आपण पुरावा न मागता धरून चालतो. तो पुरावा एकदा मागायला हवा. मागितला तर माझ्या मते हातात येते ते असे: इथे घोरपड पकडली गेली, बांधली गेली, खाल्ली गेली, वाद्यावर ताणली गेली, देवीच्या पायाशी कोरलीही गेली, पाळली मात्र गेली नाही. आणि पोवाड्यातल्या त्या घोरपडीची, यशवंतीची, गोष्ट नीट वाचली तर तीही हेच सांगते.

सुरुवात त्या गोष्टीपासूनच करावी, कारण पाळीव घोरपडीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री कोंढाणा, म्हणजे सिंहगड, घेतला. त्या लढाईचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा शिवकालीन म्हणून सांगितला जातो. पण आपल्या हाती आलेली त्याची संहिता गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडून पिढ्यानुपिढ्या वाहत आलेली आहे. हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ती गोळा करून १८९१ साली छापली, आणि ॲक्वर्थने १८९४मध्ये निवडक पोवाड्यांचे इंग्रजी रूपांतरही काढले. त्यात यशवंती पेटाऱ्यातून काढली जाते, तिला शेंदूर लावला जातो, मोत्यांनी सजवले जाते, तिच्यापुढे हात जोडले जातात. ती अर्ध्या कड्यावरून परत फिरते. इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटते की लाडके, शहाणे जनावर धन्याचे मरण आधीच ओळखते आहे. पण पुढे तानाजी काय करतो? तिला चुचकारत नाही. तुकडे करून खाऊन टाकीन अशी धमकी देतो, आणि मग ती चढते. पोवाडा ऐकताना ही धमकी वीररसाच्या भरात निघून जाते; वाचताना मात्र थांबावे लागते. घोडा अडला तर मराठी गोष्टीतला स्वार त्याला चाबूक मारील, शिव्या देईल, पण खाईन म्हणणार नाही. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याची आख्यायिका घ्या. ती इतिहास म्हणून कितीही वादग्रस्त असली तरी पाळीव प्राण्याची गोष्ट म्हणून तिची घडण अचूक आहे: धनी गेला, कुत्र्याने चितेत उडी घेतली. पाळीव प्राण्याच्या गोष्टीचा कणा इमान हा असतो. यशवंतीच्या गोष्टीत इमान नाही. आधी पूजा आहे आणि पूजा लागू पडली नाही तेव्हा चुलीची भीती आहे. देव्हारा आणि चूल यांच्या मधली जी जागा असते, म्हणजे घराची ओसरी, तिथे ही घोरपड कधी येतच नाही. ज्या श्रोत्यांसाठी हा प्रसंग रचला गेला त्यांना घोरपड खाण्याची वस्तू म्हणून पुरती ओळखीची होती, एरवी ती धमकी कुणाला कळलीही नसती.

यावर पहिला आक्षेप असा की, गोष्टीत अलंकार असतील, पण मुळात काही घडल्याशिवाय गोष्ट होत नाही. आणि इथे तर एक सोडून दोन गोष्टी आहेत, सिंहगडाची आणि खेळण्याची. आक्षेप वजनदार आहे, म्हणून दोन्हीकडे पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९०च्या दशकात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली. लढाईला तेव्हा पंचवीस-सत्तावीस वर्षे झाली होती आणि ती आठवणारी माणसे जिवंत होती. सभासदाच्या वर्णनात निवडक मावळे कडा वानरासारखे चढून जातात. घोरपड नाही, पेटारा नाही. बखरकाराला अद्भुताचे वावडे होते असे म्हणावे तर त्याच बखरीत भवानी महाराजांच्या अंगात येऊन बोलते. घोरपड ठाऊक असती तर त्याने ती सोडली नसती. खेळण्याची गोष्ट घराण्याच्या परंपरेतली. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात ती नोंदवली आहे: बहमनी अमलात कोकणातल्या अजिंक्य समजल्या जाणाऱ्या एका किल्ल्यावर या घराण्यातला पुरुष घोरपडीला दोर बांधून सर्वांआधी चढला. मुधोळच्या घोरपड्यांच्या परंपरेत तो किल्ला खेळणा आणि काळ १४७१च्या सुमाराचा ठरला. त्या घराण्याच्या बहमनी फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल मात्र इतिहासकारांत एकमत नाही. बहमनींच्या त्या कोकण मोहिमेचा सेनापती महमूद गवान याची फारसी पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या नावाने आज उपलब्ध आहेत. कोकणातले अरण्य, घाटवाटा, संगमेश्वरच्या राजाचा चिवटपणा, पावसाने खोळंबलेली मोहीम आणि अखेरीस राजाची शरणागती हा त्या काळाचा वृत्तान्त. एका रात्रीत दोरावरून किल्ला घेतल्याची ती कथा नाही.

तेव्हा दोन गोष्टी आहेत म्हणून पुरावा दुप्पट झाला असे मानण्याचे कारण दिसत नाही. एक घराणे आपल्या आडनावाचा उगम सांगत होते. त्या घराण्याचा दरारा म्हाळोजी-संताजींनंतर मराठी मुलखात सर्वत्र होता, आणि कडा चढणाऱ्या घोरपडीची कल्पना त्या आडनावाबरोबर शाहिरांच्या कानी सहज पडण्यासारखी होती. तिथून ती सिंहगडावर गेली असावी, हा माझा तर्क. तो सिद्ध झालेला आहे असे मी म्हणत नाही. पण सभासदाचे मौन आणि पोवाड्याची मुखरता यांच्यात मौन कालदृष्ट्या जवळचे आहे, एवढे तरी मान्य करावे लागेल. शिवाय युक्तिवादासाठी दोन्ही गोष्टी शब्दशः खऱ्या धरल्या तरी त्यातून घोरपड वापरली हे ठरते, पाळली हे ठरत नाही. दोर बांधून वापरलेले प्रत्येक जनावर पाळीव म्हणायचे तर गळाला लावलेले गांडूळही पाळीव ठरेल.

आता त्या प्रसिद्ध पकडीकडे वळू, कारण गोष्टीचा जीव तिच्यात आहे. आपल्याकडची घोरपड भरली तर शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत जाते आणि वजनाने फार तर सातेक किलो. नखे वाकडी आणि मजबूत. झाडावर, विहिरीच्या भिंतीवर ती सहज चढते. पण तिच्या चिकाटीची ख्याती केवळ नखांची नाही. ती भेगेत किंवा बिळात शिरते, छातीत हवा भरून अंग फुगवते आणि दगडांच्या मध्ये स्वतःला पाचरीसारखी ठोकून घेते. मग शेपटी धरून कितीही ओढा, निघत नाही. ही गोष्ट कुणाला ठाऊक असणार? तिला शेपटी धरून ओढणाऱ्याला. म्हणजे शिकाऱ्याला. आख्यायिकेतले सगळे ज्ञान या एका अनुभवातून आलेले आहे: घोरपड धरते आणि सोडत नाही. पाळणाऱ्याचे ज्ञान वेगळे असते. ते जनावर काय खाते, कधी आजारी पडते, कुणाला ओळखते, कशाला बिथरते, याने भरलेले असते. बैल, म्हैस, कोंबडा यांच्याबद्दल मराठी शेतकऱ्याकडे अशा ज्ञानाचा खजिना आहे. घोरपडीबद्दल मराठीत जे सांगितले जाते ते जवळजवळ सगळे तिला पकडण्याचे, बांधण्याचे आणि मारल्यावर तिचा कोणता भाग कशाला उपयोगी पडतो याचे. आणि मोकळ्या कड्यावर, जिथे अंग फुगवून रुतायला भेग मिळेलच असे नाही, तिथे सात किलोच्या जनावराने माणसाचा भार पेलावा ही अपेक्षा मावळ्यांच्या हातापायांवर उगाच अविश्वास दाखवते. डोंगरी माणसे कडे चढत-उतरत होती. हिरकणीच्या आख्यायिकेला कुठल्या प्राण्याची मदत लागली नाही.

मागे जावे तसा हा शिकारीचा ठसा पुसट होत नाही, उलट गडद होतो. धर्मशास्त्रात पाच नखांच्या प्राण्यांपैकी जे मोजके प्राणी खाण्यास योग्य ठरवले, त्या मनुस्मृतीतल्या यादीत साळिंदर, ससा, कासव यांच्या पंक्तीला घोरपड आहे. पाली जातककथांत घोरपडीच्या एकाहून अधिक कथा आहेत आणि एका प्रसिद्ध कथेचा सगळा पेच असा की, घोरपडीच्या मांसाची चटक लागलेला ढोंगी तापस तिला फसवून मारू पाहतो आणि ती ओळखून निसटते. महाभारतातले धनुर्धर दोरीचा फटका बसू नये म्हणून हातावर जे चामडे बांधतात तेही गोधेचे, म्हणजे घोरपडीचे. थोडक्यात, ताट आणि कातडे. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागावर सत्ता असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकीचे वीस प्रकार आहेत आणि त्यांत प्राण्यांचे बरेच: हत्ती, घोडे, कोंबडे, लावे, एडके, रेडे, पारवे, कुत्री, ससाणे, मासे. प्राणी बाळगण्याच्या हौसेची इतकी सविस्तर यादी मध्ययुगीन भारतात दुसरी क्वचितच सापडेल. तिच्यात सरपटणारा प्राणी एकही नाही. याच ग्रंथाच्या पाककृतींत शेतातल्या उंदरापासून कासवापर्यंत बरेच काही शिजते, म्हणजे राजाला रानातल्या जिवांची किळस होती असेही नाही. सहा शतकांनी पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९०च्या सुमारास तिथला गेंडा रेखाटला, सिंहही रेखाटला. दरबारी हौस अशा दिमाखदार, दुरून दिसणाऱ्या जनावरांकडे धावत होती.

देवीचे काय, असा प्रश्न इथे येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. गौरीच्या मूर्तींत पायाशी घोरपड कोरण्याची परंपरा आहे. बंगाल-बिहारकडच्या मध्ययुगीन मूर्तींत ती ठळक दिसते, आणि मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांत गौरी गोधेवर आरूढ सांगितली आहे. जिला देवीच्या जवळ बसवले तिला घरात का बसवले नसेल? पण वाहन असणे आणि पाळीव असणे यांचा आपल्याकडे काही संबंध नाही. गणपतीचा उंदीर आपण भाद्रपदात पूजतो आणि आश्विनात कणगीपाशी सापळा लावतो. वाघ देवीचा आहे म्हणून कुणी गोठ्यात बांधत नाही. कोकणातल्या कितीतरी देवळांशी आणि राखणदारांशी नाग जोडलेला आहे, पण नाग पाळणे हा गारुड्याचा धंदा होता, भक्ताचा नव्हे. यशवंतीच्या कपाळावरचा शेंदूर याच रांगेतला आहे. तो मान आहे आणि मानात अंतर असते.

घरात घोरपड आली ती घुमटावरून. गोवा, सिंधुदुर्ग आणि लगतच्या किनाऱ्यावर शिमग्यात, भजनात, आरतीत, ख्रिस्ती घरांतल्या लग्नांत घुमट वाजते. कुंभाराने घडवलेले मातीचे भांडे, दोन्ही बाजूंनी उघडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड हाताने झाकत-उघडत नाद खालीवर करायचा. हे कातडे पिढ्यान् पिढ्या घोरपडीचे असे. पातळ, चिवट आणि ताणले की खणखणीत बोलणारे; जुने वादक आजही त्या नादाची आठवण काढतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नसावे. बंदी आल्यावर बकरीचे कातडे आले, आणि गोवा सरकारने २०१९मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला तो या बदललेल्या रूपात. माझ्या दृष्टीने घुमट हा या प्रश्नातला सर्वांत बोलका पुरावा आहे. कोकणी समाजाला घोरपड जवळची होती, सणाच्या मध्यभागी होती. पण त्या जवळिकीचा रस्ता तिच्या मरणातून जात होता आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

सरकारी दप्तर पाहिले तर तिथेही सरपटणारा जीव नोंदीत येतो तो मेल्यावर. रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात फुरशांचा सुळसुळाट होता आणि सरकार मारलेल्या फुरशामागे बक्षीस देत असे. जिल्ह्याच्या पक्ष्यांवर आणि सापांवर लिहिणारा मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल याने दिलेला आकडा डोळे विस्फारणारा आहे: सहा वर्षांची सरासरी काढली तर दरवर्षी सव्वादोन लाखांच्या वर फुरशी मारली जात होती. १८६२च्या डिसेंबरात बक्षीस वाढवताच आठ दिवसांत एक लाखावर फुरशी कचेऱ्यांत आणून टाकली गेली. घोरपडीवर असे बक्षीस नव्हते, तिने कुणाला मारले नव्हते, म्हणून त्या हिशेबात ती नाही. ती बाजारातही फारशी जात नसावी. जंगलावर आणि शिकारीवर जगणाऱ्या माणसांच्या मडक्यात ती संपे. पण रत्नागिरीच्या माणसाचे आणि सरपटणाऱ्या जिवांचे नाते कोणत्या मापाने मोजले जात होते हे त्या आकड्यांवरून उमगते.

यावर सर्वांत मजबूत आक्षेप असा: ज्यांनी घोरपड पाळली असेल ती माणसे लिहिणारी नव्हती. बखरी ब्राह्मण-कायस्थांनी लिहिल्या, गॅझेटिअर साहेबांनी. रानातल्या पाड्यावर कुणी घोरपडीचे पिल्लू दोरीने बांधून वाढवले असेल तर त्याची नोंद कोण ठेवणार? खरे आहे, आणि एखाद्याने तसे केलेच नसेल असे कुणी म्हणू शकणार नाही. प्रश्न प्रथेचा आहे. मराठी मुलखात लिहिता न येणाऱ्या समाजांनी बाळगलेले प्राणी नोंदीवाचून विस्मरणात गेलेले नाहीत, कारण त्या प्राण्यांनी समाजांनाच ओळख दिली. नंदीबैलवाला आहे, नागाची टोपली घेऊन फिरणारा गारुडी होता, अस्वलवाला दरवेशी होता, माकडवाला होता, चिठ्ठी काढणारा पोपट घेऊन बसलेला ज्योतिषी होता. प्रत्येकाची ठरलेली हाक, ठरलेले वाद्य. घोरपडवाला म्हणून दारावर येणारा कुणी नव्हता. एवढी मोठी, एवढी अद्भुत, जिच्या नावावर किल्ला घेतल्याची कथा आहे अशी घोरपड माणसाळत असती, तर तिला चार दाणे मिळवून देणारा खेळ कुणी उभा केला नसता हे पटत नाही. उपजीविकेची निकड इतकी तीव्र होती की पोपटालाही भविष्य सांगायला लावले गेले.

माणसाळत असती, असे म्हटले. पण घोरपड माणसाळते, असे आजचे प्राणिसंग्रहालयवाले आणि परदेशातले हौशी सांगतात. बंदिस्त घोरपडी खाऊ घालणाऱ्याला ओळखतात, हातातून खातात, दीर्घकाळ जगतात. हे मान्य करूनही शक्य असणे आणि कुणाला तशी गरज वाटणे यात फरक उरतोच. कोकणातल्या घराने जनावर ठेवले ते कामासाठी: बैल नांगराला, गाय-म्हैस दुधाला, कुत्रा राखणीला, मांजर उंदरांना, कोंबडी अंड्यांना आणि देवाच्या मानाला. घोरपड या हिशेबात उलट्या बाजूला बसते. किडे, बेडूक, खेकडे, उंदीर यांवर तिची गुजराण होते, पण अंडी आणि पिल्ले दिसली तर ती सोडत नाही. खुराड्याशी तिचे वैर पक्के. वर्षातून एकदा पावसाच्या सुमारास ती वीस-तीस अंडी बहुधा वारुळात घालते आणि ती फुटायला आठ-नऊ महिने लागतात. मांसासाठी वाढवावी तर कोंबडीच्या मानाने हा तोट्याचा व्यवहार. उपासमारीच्या दिवसांत मिळाली तर पकडावी, एरवी गडग्यात असू द्यावी, असाच हिशेब शेतकऱ्याला परवडणारा होता. घोरपड टिकली ती या दुर्लक्षामुळे असे म्हणायला हरकत नाही. मालकी नसलेले शेजारपण हे कोकणातल्या बऱ्याच प्राण्यांच्या वाट्याला आले. खवले मांजराचेही तसेच होते, त्याला भाव येईपर्यंत.

भाव आला की काय होते ते घोरपडीनेही पाहिले. विसाव्या शतकात तिच्या कातड्याच्या पर्सा आणि बूट परदेशी जाऊ लागले. चरबीचे तेल सांधेदुखीवर, मांस ताकदीवर, अशी औषधे तर जुनीच. वाळवलेले नराचे जननेंद्रिय ‘हत्ता जोडी’ नावाची दुर्मिळ मुळी म्हणून पैसा टिकवणारा ताईत बनवून अलीकडे ऑनलाइनही विकले जात होते. घेणाऱ्याला आपण देवघरात काय ठेवतो आहोत याची गंधवार्ता नसे. या समजुतींच्या मुळाशी यशवंतीची गोष्ट आहे असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण दोघींचे नाते दिसते. जी सोडत नाही ती खाल्ली की अंगात तशीच पकड येईल, जी चिकटते ती तिजोरीत ठेवली की पैसा चिकटेल. पराक्रमाची गोष्ट आणि जडीबुटीची पेटी एकाच विश्वासावर चालत होत्या, आणि दोन्हींत घोरपडीच्या हिताचा विचार कुणी केलेला नव्हता.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळे गुन्हा ठरवले. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीला. शिकारीला किंवा बाळगण्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. १९७५पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. कायद्याचा जाच आधी कुणाला झाला हे सांगायला नको: ज्यांच्या ताटात ती पिढ्यान् पिढ्या होती त्यांना, आणि घुमट घडवणाऱ्यांना. चामड्याचे मोठे व्यापारी दुसऱ्या मालाकडे वळू शकले, पाड्यावरचा माणूस वळू शकला नाही. हा अन्याय नाकारून संरक्षणाचे समर्थन करता येत नाही. तरीही घोरपडीपुरता निर्णय योग्य होता असेच मला वाटते, कारण बाजार लागल्यावर गडग्यातले जुने दुर्लक्ष परत येणे शक्य नव्हते.

आणि आता सरडा पाळण्याची हौस खरोखर आली आहे, ती मात्र पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून आणि इग्वानाच्या रूपाने. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा हिरवा, पाला खाणारा सरडा काचेच्या पेटीत, दिव्याच्या उबेत वाढवला जातो. असे परदेशी जीव किती आणि कुणाकडे आहेत याचा सरकारला अंदाज नव्हता, म्हणून जून २०२०मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजातींसाठी कायद्यात वेगळी अनुसूची आली, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी असे प्राणी सहा महिन्यांत ऑनलाइन नोंदवणे बंधनकारक केले. टीकाकार म्हणतात, हे उफराटे आहे: ॲमेझॉनच्या जंगलातला सरडा कागदपत्रे करून सावर्ड्यात ठेवता येतो आणि इथल्याच सड्यावरची घोरपड उचलली तर तुरुंग. घोरपड पाळण्याची आपली परंपरा होती, ती सरकारने तोडली आणि परक्याला दार उघडले, असाही सूर निघतो. यशवंतीचे नाव इथेच काढले जाते. पण तोडण्यासारखी परंपराच नव्हती. इग्वानाच्या नोंदणीत पिंजऱ्यात आधीच जन्मलेल्या, सोडले तर इथल्या जंगलाला घातक ठरू शकेल अशा जनावराचा हिशेब ठेवला जातो. घोरपडीच्या बाबतीत पिंजराच नवा आहे, आणि तो भरायचा म्हटले तर पिल्ले वारुळातूनच काढावी लागतील. घुमटाने बकरीचे कातडे स्वीकारले तेव्हा वादकांना नादाशी तडजोड करावी लागली आणि ती त्यांनी केली. पाळण्याच्या हौसेला तेवढीही झळ सोसण्याचे कारण नाही. विहिरीत पडलेली किंवा खुराड्यात शिरलेली घोरपड दिसली की वनखात्याला किंवा सर्पमित्राला फोन करायचा आणि त्याने ती पोत्यातून नेऊन रानात सोडायची, ही अलीकडची पद्धत आहे. तिला शेंदूर लागत नाही आणि दोरही लागत नाही.